अबू मालतींची कॉफी

डॉ. अनंतराव खांबेटे यांची आणि माझी पहिली भेट झाली ती मला पाठ टेकायला जागा नव्हती म्हणून. गौरवग्रंथात पहिल्या भेटीला 'सुयोग' म्हणण्याची चाल आहे. संपादकांची क्षमा मागून सांगतो, आमच्या भेटीमागे सुयोग वगैरे काही नव्हता. हॅनोव्हरची औद्योगिक जत्रा होती.

पन्नासच्या दशकाचा मध्य असेल. आमच्या दैनिकाने मला जर्मनीत धाडले ते मी संस्कृत घेऊन एम. ए. झालो होतो म्हणून. जर्मन लोकांना संस्कृताचे फार प्रेम, असे आमच्या संपादकांनी कुठेतरी वाचले होते. पोहोचल्यावर मला लिहावे लागले ते लेथ, क्रेन आणि बटाटे सोलण्याची यंत्रे यांविषयी. जत्रेच्या दिवसांत हॅनोव्हरात घरोघर पाहुणे ठेवतात. आजीबाई स्वयंपाकघरात झोपतात, मुले आत्याकडे जातात आणि प्रत्येक मोकळ्या पलंगावर एखादा व्यापारी घोरत असतो. स्टेशनावर खोल्या मिळवून देणाऱ्या बाईंनी माझ्याकडे पाहून इतक्या दुःखाने मान हलवली, की आपल्या घरचे कुणी गेले की काय अशी मला शंका आली. खिशात एका स्नेह्याने दिलेला पत्ता होता. आपल्याकडचे पाटबंधाऱ्याचे इंजिनियर आहेत, अडचण पडली तर जा, असे त्याने सांगितले होते. अडचण पडली होती. ट्राम धरून गेलो.

दार उघडले ते घोट्यापर्यंत पोहोचणारा उंटाच्या लोकरीचा तपकिरी झगा घातलेल्या एका गृहस्थाने. झग्याला सोनेरी गोट, नाकावर चष्मा, हातात झारा. मी घोकून आणलेले जर्मन वाक्य म्हटले. हेर, म्हणजे श्रीयुत, खांबेटे इथेच राहतात काय? गृहस्थांनी मला नखशिखान्त न्याहाळले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "अहलन व सहलन." हे अरबी स्वागत. आणि त्याच श्वासात, शुद्ध कृष्णाकाठच्या मराठीत, "बूट बाहेरच काढा. फरशी आत्ताच पुसलीय, ही ओरडेल."

ते अनंतराव. त्या वेळी पंचेचाळिशी उलटलेले, पाटबंधारे खात्याने जलविद्येच्या संशोधनासाठी पाठवलेले, कानांवरचे केस पिकलेले.

आत दोघे अरब तरुण बसले होते. हमा या सीरियातल्या गावचा युसूफ स्थापत्यशास्त्र शिकत होता आणि बसऱ्याचा करीम रसायनशास्त्र. दोघे त्याच मजल्यावर राहत आणि स्वयंपाकघर सर्वांचे सामाईक होते. करीमने लांब चोचीच्या भांड्यातून बिनकानाच्या चिमुकल्या पेल्यात कॉफी ओतून माझ्या हातात दिली. कडू, बिनसाखरेची, वेलचीचा वास असलेली. मी सभ्यपणे संपवली. त्याने पुन्हा भरली. मी पुन्हा संपवली. पंगतीत जिलबीवाल्याला थोपवायला आपण पानावर आडवा हात धरतो, तसा मी पेल्यावर हात धरला. मला थंडी वाजत असून मी हात शेकतो आहे असे करीमला वाटले. तो अदबीने थांबला, आणि मी हात काढताच त्याने पुन्हा भरली. असे किती पेले झाले ते मला सांगता येणार नाही. माझ्या हृदयाचे ठोके मात्र शेजारच्यांनाही ऐकू येत असावेत. अनंतराव समोर बसून हे सगळे शांतपणे पाहत होते. शेवटी मी दमून पेला नुसताच इकडेतिकडे हलवला, तेव्हा करीमने हसून भांडे खाली ठेवले. पुरे झाले म्हणजे पेला हलवायचा, अशी त्यांची खूण.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हटले.

"होतं ना."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ते कसं शोधून काढता हे मला कळलं नसतं."

"आणि मी शोधून काढलंच नसतं तर?"

"करीमकडे कॉफी पुष्कळ आहे," अनंतराव म्हणाले.

त्यांचा सारा स्वभाव मला त्या एका संध्याकाळी कळला, असे म्हणायला हरकत नाही. इतरांना माणसांविषयी मत असते. अनंतरावांना माणसांविषयी प्रश्न असतात. जत्रा संपेपर्यंत मी त्यांच्याकडे राहिलो, आणि पुढे माझा मुक्काम होता त्या बॉनहून ज्या ज्या निमित्ताने हॅनोव्हरला जाता येईल ती निमित्ते शोधू लागलो.

त्या झग्याची कथा अशी. हॅनोव्हरातल्या पहिल्याच हिवाळ्यात युसूफच्या अंगावर तो झगा पाहून अनंतराव आपल्या रीतीप्रमाणे दोन बरे शब्द बोलले. युसूफने तिथल्या तिथे तो उतरवून त्यांच्या अंगावर घातला. अरबांकडे पाहुण्याने एखादी वस्तू वाखाणली की ती त्याची झाली. अनंतराव नको नको म्हणत राहिले. जितके नको म्हणत तितका युसूफ दुखावत गेला. अखेर झगा घेतला आणि पुढले कित्येक महिने त्या खोल्यांतल्या कोणत्याही वस्तूला चांगले म्हणायचे नाही असा नेम केला. करीमच्या रेडिओबद्दल ते 'वाजतो' एवढेच म्हणत. अबोल आणि रुक्ष म्हणून त्यांची त्या मजल्यावर ख्याती झाली ती केवळ सौजन्यामुळे.

या दोघांच्या सहवासात ते आले कसे, हे त्यांच्याच तोंडून ऐकण्यासारखे आहे. पण ते फार लांबवतात, म्हणून मी सांगतो. अनंतराव याज्ञिकाच्या घरातले. हॅनोव्हरला आले तेव्हा शाकाहारी माणसाला तिथे बटाटा, पाव आणि ईश्वराचे नाम एवढ्यावर राहावे लागे. खाणावळीतल्या बाई त्यांच्या ताटातला मांसाचा तुकडा उचलून घेत आणि रस्सा तसाच ठेवत; ही त्यांची शाकाहाराची व्याख्या. महिनाभरात अनंतरावांचा कोट त्यांच्या अंगावर खुंटीवर टांगल्यासारखा दिसू लागला. अशात एका संध्याकाळी बोळाच्या टोकाकडून तळलेल्या कांद्याचा आणि जिऱ्याचा वास आला. दिवस चातुर्मासाचे होते आणि चातुर्मासात त्यांच्या घरी कांदा वर्ज्य. परंतु चातुर्मास हॅनोव्हरात लागू होतो किंवा कसे, याविषयी धर्मशास्त्र मौन आहे, असा निर्णय त्यांनी बोळ ओलांडता ओलांडता दिला. युसूफने मसुरीची खिचडी केली होती. त्यांच्याकडे तिला मुजद्दरा म्हणतात. वर तळलेला कांदा. युसूफने काही विचारले नाही, ताट वाढून दिले. तुम्ही जेवला आहात का, हा प्रश्न त्या संस्कृतीत विचारतच नाहीत, ही अनंतरावांनी अरबांविषयी नोंदलेली पहिली गोष्ट.

दुसऱ्या वर्षी त्यांच्या पत्नी सुमतीवहिनी आल्या, बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी मालती. वहिनींनी सामाईक स्वयंपाकघर पाहिले आणि फडताळावर खडूने रेघ ओढली. रेघेच्या अलीकडे आपले, पलीकडे त्यांचे. युसूफने अनंतरावांना रेघेचा अर्थ विचारला. ती तुमच्या भांड्यांना भिते, असे त्यांनी खरेखरे सांगितले. चार दिवसांनी रेघेच्या अलीकडे एक कोरे पातेले दिसले. त्यात मांस कधी शिजणार नाही असे युसूफने चिठ्ठीवर मोडक्या जर्मनमध्ये लिहून ते पातेले वहिनींना दिले होते. वहिनींना त्या वेळी जर्मन येत नव्हते. अनंतरावांनी वाचून दाखवले. वहिनींनी पदराने रेघ पुसली. पदर धुवायला टाकताना म्हणाल्या, "खडू निघतो हो लवकर."

त्यांचा उरलासुरला परकेपणा गेला तो एका नावामुळे. अरब माणसाला त्याच्या अपत्याच्या नावाने हाक मारतात, अमक्याचा बाप म्हणून. अनंतरावांना एकुलती एक मुलगी, म्हणून ते झाले अबू मालती. वहिनींनी लग्नापासून कधी यजमानांचे नाव उच्चारले नव्हते. 'अहो' नाहीतर 'मालतीचे बाबा'. सासरी जे आपण करत आलो तेच हे लोक करतात हे कळल्यावर त्यांनी आपला निकाल दिला: माणसे घरंदाज आहेत.

अनंतरावांची जिज्ञासा जेवणापाशी थांबणारी नव्हती. ते अरबी शिकू लागले. उच्चार आले ते याज्ञिकाच्या घरचे. अबू मालती अरबी बोलतात तेव्हा कुठेतरी होम चालू आहे असे वाटते, असे करीम म्हणे. रमजानात एक दिवस त्यांनी कुतूहलापोटी रोजा धरला. मला उपासांची सवय आहे, असे ते आदल्या दिवशी म्हणाले होते. त्यावर करीमने उपासाला तुम्ही काय खाता ते विचारले. अनंतरावांनी साबुदाणा, वऱ्याचे तांदूळ, रताळी, दाण्याची आमटी, केळी अशी सुरुवात केली. करीमने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "आणि उपास कधी करता?"

माझ्यावरचा त्यांचा प्रयोग याहून क्रूर होता. मी संस्कृताभिमानी, बातमीपत्र लिहिताना परका शब्द येऊ नये म्हणून जपणारा. एकदा मी माझे एक बातमीपत्र मोठ्या दिमाखात त्यांना वाचायला दिले. त्यांनी ते तांबड्या पेन्सिलीने रंगवून परत केले. तारीख, मजकूर, तपशील, इमारत, दुकान, कायदा, वकील, खुर्ची, शिवाय, फक्त अशा प्रत्येक शब्दाखाली रेघ होती. हे सगळे अरबी, युसूफला विचारून पाहा, असे म्हणाले. मी चिडून म्हटले, की 'फक्त' तरी आमचा ठेवा. ते म्हणाले, "फक्त तर त्यांचं फारच त्यांचं आहे." माझ्या वडिलांनी आयुष्यभर शुद्ध मराठीचा आग्रह धरला तो कोणत्या खुर्चीत बसून, हा विचार मला बरेच दिवस छळत राहिला.

आता त्यांच्या कार्याकडे वळतो, म्हणजे या ग्रंथाचे संपादक निश्चिंत होतील. कालव्यांतल्या गाळाविषयी अनंतरावांनी जे संशोधन केले त्याबद्दल या ग्रंथात अधिकारी मंडळींनी लिहिले आहेच. मला त्यातले एवढेच कळते, की पाणी कुठून कुठे जाते हे ते दिवसेन्‌दिवस प्रयोगशाळेतल्या काचेच्या पन्हळीपाशी बसून पाहत, आणि पाण्याचेही काही म्हणणे असावे अशा नजरेने पाहत. मला सांगायचे आहे ते एका चाकाविषयी, कारण पुढचे सगळे त्या चाकावर फिरले.

युसूफच्या हमा गावी आसी नदीवर प्रचंड लाकडी रहाट आहेत. नदीच त्यांना फिरवते आणि ते पाणी वरच्या पाटात टाकतात. अखंड फिरतात आणि अखंड कुरकुरतात. हमाचा माणूस त्या आवाजात जन्मतो. हॅनोव्हरच्या शांततेत युसूफला पहिली दोन वर्षे नीट झोप लागत नसे. अनंतरावांनी त्याला पदवीच्या प्रबंधासाठी तोच विषय सुचवला, आणि ते स्वतः जिथे संशोधन करत त्या संस्थेच्या कार्यशाळेत रहाटाची पुरुषभर उंचीची प्रतिकृती उभी राहिली. ती बनवली कार्यशाळेचे प्रमुख माइस्टर ब्रांडेस यांनी. त्यांच्यासारखा अबोल मनुष्य मी पाहिला नाही; 'जा' म्हणजे 'हो' आणि 'गेनाऊ' म्हणजे 'अगदी बरोबर', या दोन शब्दांवर ते आठवडा काढत. आराखड्यांवर शाई चढवली ती त्यांच्या मुलीने. हेल्गा त्याच संस्थेत नक्षा काढण्याच्या खोलीत कामाला होती.

चाक उत्तम फिरे. अडचण एकच, ते कुरकुरत नसे. माइस्टर ब्रांडेस रोज सकाळी त्याच्या आसाला तेल देत. अनंतराव आले की रुमालाने ते पुसून काढत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल, पुन्हा रुमाल. कितीतरी दिवस दोघांनी एकमेकांशी चकार शब्द न काढता हे चालवले. शेवटी माइस्टरांनी तेलाची बुधली हातात घेऊनच विचारले, की हं, तर मग, हेर खांबेटे, माझ्या तेलात काय वाईट आहे? अनंतरावांनी युसूफच्या झोपेची हकीगत सांगितली.  बुधली कपाटात गेली. आठवडाभरात चाक रडू लागले आणि युसूफ कार्यशाळेच्या दाराशी कितीतरी वेळ उभा राहिला. नक्षाच्या खोलीची खिडकी त्याच दारावर उघडते, हे त्या वेळी अनंतरावांसह कुणाच्याच ध्यानात आले नाही. पाण्याकडे पाहणाऱ्या माणसाचे असेच होते.

दीडएक वर्षाने युसूफ त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला. शिक्षण संपत आले होते. हमाला त्याची आई एकटी होती आणि त्याला परतायचे होते. हेल्गाशी लग्न करून परतायचे होते. हेल्गाचा होकार होता. तिच्या घरी धर्म, भाषा, रीतभात यांवर महिनाभर बोलणे होऊन गेले होते आणि आई निम्मी वळली होती. बाप काहीच बोलत नव्हता. आणि बापाच्या संमतीवाचून मी जाणार नाही, असे हेल्गाने सांगितले होते. युसूफच्या रीतीने मुलगी मागायला वडीलधारी मंडळी जातात. त्याचे वडील वारलेले. त्याला एवढेच विचारायचे होते: अबू मालती माझे वडील होऊन येतील का?

अनंतराव त्या दिवशी पन्हळीपाशी गेले नाहीत.

असे आम्ही एका रविवारी दुपारी ब्रांडेस यांच्या घरी गेलो. मुख्य वडीलधारे अनंतराव. दुसरा करीम, कारण तो अरब. तिसरा मी, कारण माझ्याकडे काळा कोट होता. युसूफ मागे. वहिनींनी निघताना फुलांचा गुच्छ हातात दिला आणि म्हणाल्या, "अहो, मालतीच्या वेळी किती लोक येणार आहेत ते आत्ताच सांगा. तेवढ्या खुर्च्या नाहीत आपल्याकडे."

जर्मन घरातली रविवारची कॉफी हे एक अनुष्ठान आहे. पांढरी चादर, निळ्या किनारीच्या बश्या, प्लमचा केक, फेटलेली साय. फ्राऊ ब्रांडेस, म्हणजे माइस्टरांच्या पत्नी, यांनी सर्वांना कॉफी ओतली. माझा हात काट्याकडे जातो तोच टेबलाखाली करीमच्या बुटाने माझी नडगी गाठली. अनंतरावांनी आपला कप उचलला आणि जरासा पुढे सरकवून खाली ठेवला. करीमनेही तसेच केले. मीही केले. मग आम्ही बसून राहिलो.

फ्राऊ ब्रांडेस यांनी थोडी वाट पाहिली. मग कॉफी फार कडक झाली आहे का ते विचारले. मग साखर पुढे केली. मग त्या उठून अनंतरावांचा कप उचलून नवी ओतायला निघाल्या, तेव्हा अनंतरावांनी कपावर हात ठेवला. मी ज्या तऱ्हेने करीमपुढे ठेवला होता त्याच तऱ्हेने. त्या बिचारीचे डोळे भरून आले. युद्धाच्या दिवसांत चिकोरी उकळून प्यायलेल्या बाईच्या घरची खरी कॉफी कुणी नाकारावी, याहून मोठा अपमान त्या टेबलावर होऊ शकत नव्हता. आमच्यातल्या एकालाही याची आगाऊ कल्पना आली नव्हती. एका कृष्णाकाठच्या माणसाने अरबी रिवाज जर्मन घरात पाळायचा, तर तो असाच पाळला जाणार.

तेव्हा अनंतराव बोलले. सावकाश, व्याकरण सांभाळत. "फ्राऊ ब्रांडेस, तुमची कॉफी उत्तम आहे, वासावरून कळतं. पण आमच्याकडे मागणी घेऊन आलेला माणूस ती मान्य होईपर्यंत पेल्याला तोंड लावत नाही. घरच्या यजमानांनी 'प्या' म्हटलं की समजायचं, मिळालं."

'आमच्याकडे.' मी त्यांच्या तोंडाकडे पाहिले. त्यांना स्वतःला ते जाणवलेही नव्हते.

माइस्टर ब्रांडेस बराच वेळ चादरीची घडी बोटाने सपाट करत होते. मग त्या मनुष्याने, माझ्या समजुतीप्रमाणे, त्या वर्षातले सर्वांत लांब भाषण केले. त्यांचे म्हणणे असे होते: मुलगी जाणार ती ट्रामने जाता येईल अशा ठिकाणी नाही. तिथे तिला या एका माणसाचा आधार. आणि हा माणूस पहिल्या हिवाळ्यात परीक्षेलाच आला नव्हता. प्राध्यापक वाट पाहत बसले, हा आला नाही, नंतर कारणही सांगितले नाही. संस्थेत सर्वांना ठाऊक आहे. वेळेला जो हजर नसतो त्याला मी माझा रंधाही देत नाही.

युसूफ खाली पाहत होता. अनंतराव त्याच्याकडे वळले आणि अरबीत म्हणाले, नंतर करीमने मला अर्थ सांगितला, "मुला, मला क्षमा कर. आज मी तुझा बाप आहे, आणि बापाला सगळं सांगता येतं." मग जर्मनमध्ये: "माइस्टर ब्रांडेस, त्या दिवशी तो कुठे होता ते मला ठाऊक आहे. मी होतो तिथेच होता. मला ताप होता, शुद्ध नव्हती, बायको सात हजार किलोमीटरवर. मी शुद्धीवर आलो तेव्हा हा माझ्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होता. परीक्षेचं मला महिन्यांनी दुसरीकडून कळलं. मी विचारलं तर त्यानं मला शपथ घातली. आमच्याकडे उपकार बोलून दाखवला की तो उरत नाही. ती शपथ मी आत्ता तुमच्या टेबलावर मोडली आहे."

 माइस्टरांनी विचारले, "हेर डॉक्टर, तुम्हाला मुलगी आहे. तुम्ही इतक्या लांब द्याल?"

मी अनंतरावांना शेकडो प्रश्न विचारताना पाहिले आहे. उत्तर देताना अडलेले त्या दिवशीच पाहिले.

"माहीत नाही," ते म्हणाले. "खरंच माहीत नाही. पण मी एवढं विचारीन, की याला पाहणारं स्वतःचं कुणी नव्हतं तेव्हा हा कसा वागला? या मुलाबद्दल ते मी तुम्हाला सांगितलं. दुसऱ्या कुणाबद्दल सांगू शकणार नाही."

माइस्टर ब्रांडेस पहिल्यांदाच युसूफकडे वळले. "ते चाक रात्रीसुद्धा कुरकुरतं?"

"हो."

"मग ती झोपणार कशी?"

युसूफने जरा विचार केला. खोटे बोलायचे नाही असे ठरवलेल्या माणसासारखा. "पहिला महिना झोपणार नाही," तो म्हणाला. "नंतर त्याच्याशिवाय झोपणार नाही."

माइस्टरांनी आपला कप पाहिला, मग आमचे. "कॉफी गार होतेय, हेर डॉक्टर," ते म्हणाले.

अनंतराव हलले नाहीत. "माइस्टर ब्रांडेस, तुम्ही आत्ता काय म्हणालात ते तुमच्या लक्षात आलंय का?"

"गेनाऊ," माइस्टर म्हणाले. "तुम्ही आत्ताच एवढं समजावून सांगितलंत."

दारापाशी हेल्गा उभी होती, हातात दुधाचे भांडे. माझा होकार नोव्हेंबरातच झाला आहे, आता तरी सगळ्यांनी पिऊन घ्या, असे ती म्हणाली आणि बापामागे जाऊन उभी राहिली. फ्राऊ ब्रांडेस रडत रडत नवी कॉफी करायला निघाल्या. अनंतरावांनी करू दिली नाही. मागणी ज्या पेल्यावर मान्य झाली तोच प्यायचा. आम्ही ती गारढोण, तवंग धरलेली कॉफी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो. परतताना ट्राममध्ये मी विचारले, केक आधी खाल्ला असता तर चालले असते का?  अनंतराव म्हणाले, "केकविषयी रिवाज मौन आहे."

युसूफ त्यांच्याशी त्यानंतर तीन दिवस बोलला नाही, शपथ मोडली म्हणून. चौथ्या दिवशी मुजद्दरा घेऊन आला.

आज हेल्गा हमाला आहे. अनंतराव मध्यंतरी तिथे जाऊन आले. रहाटापुढे दोन तास उभे होते असे कळते. परतल्यावर मी मोठ्या आशेने काय पाहिलेत म्हणून विचारले. "आसाला तेल घालत नाहीत," एवढेच म्हणाले. हेल्गा पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा तिला हॅनोव्हरात झोप येईना. दुसऱ्या दिवशी माइस्टर ब्रांडेस कार्यशाळेतून चाकाचा आस आणि चार पंख घेऊन घरी आले आणि न्हाणीघरात नळाखाली त्यांनी एक छोटा रहाट बसवला. रात्रभर तो कुरकुरला. शेजाऱ्यांनी तक्रार केली. माइस्टरांनी तक्रारीला उत्तर दिले: "जा."

सुमतीवहिनी आता मुजद्दरा करतात आणि त्यात चिमूटभर गूळ घालतात. युसूफला हे कुणी कळवू नये. मालती मोठी झाली. आईने मराठीत विचारले की ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि बापाशी भांडायचे असले की अरबीत. जर्मन लोक ज्या अंकांना अरबी म्हणतात त्यांना अरब लोक हिंदी म्हणतात, असे तिने एकदा मला ऐकवले. घरी त्या अंकांचे दोन्ही मालक जेवायला बसलेले असतात, असे तिचे म्हणणे. अनंतराव हॅनोव्हरातच राहिले, डॉक्टर झाले, मार्गदर्शक झाले, हमापासून हैदराबादपर्यंतचे विद्यार्थी त्यांच्या पन्हळीपाशी बसून गेले. आपल्या माणसांपासून दूर राहून काहीजण घर कवटाळतात, काही घर विसरतात. अनंतरावांनी घर सोडले नाही. त्याला दारे मात्र वाढवत गेले. हे विधान जरा अलंकारिक झाले, हे मला कळते. ते वाचून ते तांबडी पेन्सिल शोधतील, हेही कळते.

आता ते साठीत पोहोचले. अशा वेळी शतायुषी व्हा, निरोगी राहा असे लिहायचे असते. मी ते लिहिणार नाही. मागणार आहे, आणि त्यांच्याच रीतीने. या ग्रंथात लिहिणारे आणि वाचणारे आम्ही सगळे, कृष्णाकाठचे, हॅनोव्हरचे, बसऱ्याचे आणि हमाचे, आज त्यांच्या दारी मंडळी होऊन आलो आहोत. मागणी एकच आहे. आणखी चाळीस वर्षे, धड पायांनी, उत्तम कानांनी आणि आजच्याइतक्याच प्रश्नांनी. सुमतीवहिनींनी कॉफी ओतली आहे. आमचे पेले पुढे सरकवून ठेवले आहेत. कुणीही तोंड लावलेले नाही, मीसुद्धा नाही.

अबू मालती, कॉफी गार होतेय.